चतुर्थीची वाट

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले भाषण)



आपल्या संमेलनात कोणत्या विषयांवर भाषणे व्हावयाची हे एव्हाना रूढीने ठरून गेले आहे. शिक्षणनिधी, होतकरू विद्यार्थ्यांचा गौरव, वधूवरसूचक शाखेचे कार्य, ज्ञातीच्या इतिहासातील एखादे उपेक्षित पान. या विषयांची थोरवी आम्ही जाणतो, आणि यांतील दोहोंवर याच व्यासपीठावरून आम्ही स्वतः बोललोही आहोत. तथापि या वेळी कार्यकारी मंडळाने आम्हांस पाचारण केले तेव्हा आम्ही विषय मागून घेतला तो रस्त्याचा. गणेशचतुर्थीला आपण मुंबईहून कोकणात जातो व चार दिवसांनी परततो, त्या रस्त्याचा. हा विषय या सभागृहास शोभणारा नव्हे असे कोणास वाटेल. त्यांनी एवढेच मनात आणावे की, ज्या तरुणाचा आज येथे शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला, तोच भाद्रपदात एका रात्री अकरा वाजता आईवडील व धाकट्या बहिणीसह मोटारीत बसणार आहे. मंडळाने त्याच्या शिक्षणावर जे काही वेचले, ते सगळे त्या रात्री त्या एका गाडीत असते.

चतुर्थीला गावी जाणे म्हणजे आपल्या लोकांना काय, हे या सभेत सांगण्याचे प्रयोजन नाही. वर्षभर डोंबिवलीच्या किंवा विरारच्या दोन खोल्यांत राहून आणि लोकलच्या दारात लोंबकळून जो चाकरमानी दिवस काढतो, त्याच्या पंचांगात वर्षाचा आरंभ भाद्रपद शुद्ध चतुर्थीलाच होतो. बंद घराचे कुलूप निघते. ओटी सारवली जाते. गणपतीच्या शाळेतून मूर्ती डोक्यावरून घरी येते, माटवीला कवंडळे आणि नारळ बांधले जातात, आणि शेताच्या बांधावरून ज्या भाऊबंदांचे वर्षभर बोलणे नसते तेही आरतीला शेजारी शेजारी उभे राहतात. हा सण आटोपता घ्या असे सांगणारा मनुष्य आमच्यातला नव्हे. आमचे म्हणणे सणाविषयी नसून सणाच्या आदल्या रात्रीविषयी आहे.

आपल्या वाडवडिलांची गावची वाट बहुतांशी समुद्राची होती. भाऊच्या धक्क्यावरून आगबोट निघे आणि बंदरोबंदरी माणसे उतरवीत जाई. त्या वाटेवरचा एक दिवस कोकणातील घराघरांत अजून सांगितला जातो. १७ जुलै १९४७ रोजी, आषाढ अमावास्येच्या सुमारास, सणासाठी घरी निघालेल्या माणसांनी भरलेली ‘रामदास’ बोट भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघाली आणि मुंबई बंदराबाहेर पडते न पडते तोच वादळात उलटली. सहाशेहून अधिक माणसे बुडाली. आज पाऊण शतकानंतरही आषाढात कोणी मचव्यात बसू लागले तर घरातील म्हातारी ‘रामदास’चे नाव काढते.

आता दुसरा हिशेब पाहावा. केंद्र सरकारच्या रस्तेवाहतूक खात्याने २०२२ सालचे जे आकडे प्रसिद्ध केले, त्यांप्रमाणे त्या एका वर्षात आपल्या देशातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मृत्यू पावली. त्यांपैकी १५,२२४ महाराष्ट्रातील होती. देशाच्या आकड्यास दिवसांनी भागले म्हणजे रोजची ४६० हून अधिक येतात. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी गणपती दीड दिवसाचा असतो. मूर्ती पाटावर बसल्यापासून विसर्जनापर्यंतच्या त्या दीड दिवसात देशातील रस्ते एका ‘रामदास’इतकी माणसे घेऊन जातात, आणि पुढच्या दीड दिवसात पुन्हा तितकीच. ती माणसे एका जागी व एका वेळी जात नाहीत, म्हणून त्यांची दंतकथा होत नाही. वर्तमानपत्रात चार ओळी येतात आणि मंडळाच्या इतिवृत्तात शोकप्रस्तावाखाली ‘अपघाती निधन’ असे दोन शब्द पडतात.

रस्त्याविषयी बोलताना प्रथम सरकारचे नाव निघणार, आणि ते निघावयासच पाहिजे. पनवेलपासून किनाऱ्याच्या अंगाने थेट कन्याकुमारीपर्यंत जाणाऱ्या या महामार्गाचा जुना क्रमांक १७ होता. २०१० सालच्या फेरक्रमांकनात तो ६६ झाला. क्रमांक बदलण्याचे काम तेवढे वेळेवर झाले. पनवेल ते रायगड जिल्ह्यातील इंदापूर हे रुंदीकरण २०११ साली हाती घेण्यात आले आणि एका तपाहून अधिक काळ रेंगाळले. तेवढ्या अवधीत शाळेत घातलेला मुलगा दहावी होऊन बाहेर पडला. २०१६ सालच्या २ ऑगस्टच्या रात्री महाडजवळ सावित्री नदीला पूर आला असता तिच्यावरील इंग्रजी अमदानीतील दगडी पूल वाहून गेला. त्या अंधारात एस.टी.च्या दोन गाड्या आणि इतर वाहने माणसांसह नदीत गेली. एक जयगडहून, दुसरी राजापूरहून मुंबईकडे निघालेली. त्यांतील कितीएक देह खाडीपर्यंत शोधावे लागले आणि काही सापडलेच नाहीत. पुढे त्याच जागी नवा पूल वर्षाच्या आत, २०१७ सालच्या जूनमध्ये, उभा राहिला. मनावर घेतल्यास पूल किती दिवसांत होतो हे त्यामुळे सर्वांस कळले, आणि तोवर मनावर का घेतले नव्हते हा प्रश्न अधिकच बोचरा झाला. या कामी ज्यांनी अर्ज केले, न्यायालयाची पायरी चढली, रस्त्यावर बसले, त्यांचे ऋण आपल्यावर आहे. सरकारला दोषमुक्त करण्याचा आमचा यत्किंचितही मानस नाही.

परंतु रस्ता सुधारला म्हणजे आपली काळजी संपली, असे मानणारास आम्ही सावध करू इच्छितो. कशेडीच्या बोगद्याची एक मार्गिका २०२३ सालच्या गणेशोत्सवापूर्वी खुली झाली आणि घाटाचा फेरा पुष्कळ वाचला. ही आनंदाची गोष्ट होय. तथापि खड्ड्यांतून ताशी वीस किलोमीटरने जाणारा पेंगुळलेला चालक फार तर गाडीचा पाटा मोडून घेतो. तोच चालक गुळगुळीत काँक्रीटवर ताशी शंभराने निघाला की त्याची डुलकी निराळी किंमत मागते. वाईट रस्ता निदान माणसाला जागा ठेवतो, एवढा एक गुण त्याच्या पदरी टाकावयास हरकत नाही.

येथे आम्ही आमच्या मुख्य मुद्द्यावर येतो. तो मुद्दा झोपेचा आहे.

आपल्यातील एखाद्या कर्त्या पुरुषाचा तो दिवस कसा जातो ते डोळ्यांपुढे आणावे. चतुर्थीच्या आदल्या दिवशी तो नेहमीप्रमाणे पहाटे पाचला उठतो, कारण रजा सणाच्या दिवसापासूनची असते. गाडी पकडून कचेरीत जातो. सायंकाळी सातला घरी येतो, मखराचे सामान बांधतो, मुलांना जेवू घालतो, शेजाऱ्यांकडे किल्ली देतो आणि रात्री अकराला मोटार सुरू करतो. रस्ता रात्री मोकळा मिळतो, मुले झोपून जातात आणि सकाळी आंघोळ करून पूजेला बसता येते, असे त्याचे गणित असते. गणित सुरेख आहे. त्यात एकच आकडा मांडावयाचा राहिला आहे. मोटार सुरू करते वेळी तो अठरा तास जागा असतो. गर्दीतून वाट काढीत पनवेल आणि पेण मागे टाकून तो खेडजवळ भोस्ते घाटाच्या वळणावर येतो तेव्हा पहाटेचे चार वाजलेले असतात आणि तो तेवीस तास जागा असतो.

या गोष्टीचा शास्त्रज्ञांनी प्रयोग करून अभ्यास केला आहे. सतरा तासांच्या आसपास सतत जागे राहिलेल्या माणसाचे हातपाय आणि नजर, रक्तात शंभर मिलिलिटरमागे ५० मिलिग्रॅम मद्यार्क असलेल्या माणसाइतकी मंदावतात असे त्यांना आढळले. आपल्या मोटारवाहन कायद्याने चालकास घालून दिलेली मद्याची मर्यादा ३० मिलिग्रॅमची आहे. याचा अर्थ असा की, ज्याने जन्मात थेंबालाही स्पर्श केला नाही असा आपला सोवळा, माळकरी गृहस्थ त्या रात्री कायद्याने गुन्हेगार ठरणाऱ्या मद्यप्याहून अधिक धुंदीत मोटार हाकीत असतो. पोलिसाच्या नळीत फुंकर मारून हे समजत नाही आणि घरच्या माणसांना त्याचा वासही येत नाही. शिवाय रात्री दोन ते पहाटे सहा हा काळ असा आहे की, निसर्गतःच मनुष्याचे शरीर निद्रेच्या स्वाधीन होऊ पाहते. चहा घेतला, तोंडावर पाणी मारले, गाणी मोठ्याने लावली, तर काही मिनिटे बरी जातात, इतकेच. डुलकी येते ती सांगून येत नाही. ताशी ऐंशी किलोमीटरने जाणारी मोटार सेकंदाला बावीस मीटर जाते. चार सेकंद डोळा लागला तर जवळजवळ ९० मीटर अंतर ती मोटार चालकावाचून चाललेली असते, आणि नव्वद मीटर सरळ रस्ता कोकणात कितीसा असतो?

२०१३ सालच्या मार्च महिन्यात खेडजवळ जगबुडी नदीच्या पुलावरून, गोव्याहून मुंबईकडे येणारी एक खासगी आरामबस खाली कोसळली आणि ३७ माणसे गेली. त्या अपघाताचे कारण काय हा निवाडा करण्याचा आमचा अधिकार नाही. वेळ मात्र ध्यानात ठेवावी. ती उत्तररात्रीची होती.

भाड्याची गाडी केली म्हणजे हा प्रश्न सुटतो असेही नाही. सणाच्या दिवसांत भाड्याच्या गाडीचा चालक एक फेरी सावंतवाडीची करून तसाच फिरतो आणि तुमच्या दारात उभा राहतो. १९६१ सालच्या मोटार परिवहन कामगार कायद्याने चालकाच्या कामास दिवसाला आठ तासांची मर्यादा घातली होती. सणासुदीला सवलत देऊनही दहा तासांपलीकडे जाण्यास त्यात मुभा नव्हती. साठ वर्षांपूर्वी कायदा करणाऱ्यांना सणाची ओढ आणि माणसाची झोप या दोहोंचे भान होते हे पाहून आम्हांस नवल वाटले. गाडी ठरविताना आपण भाडे विचारतो, वातानुकूलन विचारतो. चालक काल रात्री कुठे निजला होता हेही विचारावे. यात संकोच कसला? लेकीसाठी स्थळ पाहताना आपण याहून पुष्कळ अवघड प्रश्न विचारीत असतो.

मनुष्य ही घाई का करतो? आपण सारे मिळून ती त्याच्याकडून करवीत असतो, हे उत्तर आम्ही नाइलाजाने देत आहो. गावी आई वाट पाहत असते. काका ओटीवर येरझारा घालीत असतात. दर अर्ध्या तासाने फोन खणखणतो. “खय पोचलास?” “अजून पोलादपूरच?” “भटजी सातला येतले हां!” यातील एकही शब्द रागाचा नसतो, सगळे मायेचे असतात, पण कशेडीच्या वळणावर तो फोन घेणारा हात चाकावरचा असतो आणि त्या मायेने पायाखालचा वेग वाढतो. आपल्या ज्ञातीतील एका घरी आम्ही समाचारास गेलो होतो. नावगाव सांगण्याचे कारण नाही. त्या माउलीने आमच्याशी दुसरे काही बोलणे केले नाही. “पहिल्या आरतीला ये असे मीच म्हटले होते,” एवढेच ती पुनःपुन्हा सांगत राहिली. कोणत्याही न्यायालयाने त्या माउलीस दोषी धरले नसते, आणि आम्हीही धरीत नाही. मात्र पुढच्या कोणत्याही आईवर ते वाक्य बोलण्याची पाळी येऊ नये, यासाठी ज्ञातीतील वडील माणसांनी एका गोष्टीचा हट्ट सोडावा अशी आमची हात जोडून विनंती आहे. मुलगा पहाटे पोचलाच पाहिजे हा तो हट्ट होय.

धर्मशास्त्राने पार्थिव गणेशाच्या पूजेस मध्याह्नकाळ मुख्य मानला आहे. सूर्योदयाला पाट मांडून कोणाची तरी वाट पाहत बसावे असे कोठेही सांगितलेले नाही. आणि मुंबईचा मुलगा दुपारपर्यंत नाहीच पोचला, तर जे घरी आहेत त्यांनी पूजा उरकून घ्यावी. भाऊबंदांपैकी कोणीही पूजेस बसावे. घरातील सून अथवा लेक बसली तर गणरायाला त्याचे वावडे असेल असे आम्हांस वाटत नाही. वर्षभर त्या घरात दिवा तीच लावीत असते. मुलाने संध्याकाळच्या आरतीला यावे, धडधाकट यावे, आणि ताट वाढलेले असावे. फोन करावयाचाच तर तो गाडी चालविणाऱ्यास करू नये, शेजारी बसलेल्यास करावा, आणि किती वेळ लागेल हे न विचारता चहाला कुठे थांबलात हे विचारावे.

आता मोटारीच्या आतील भागाकडे वळू. पुढे बसणारे दोघे दंडाच्या भीतीने पट्टा बांधतात आणि मागील बाकावर आजी, सून आणि दोन मुले मोकळी बसतात, अशी आपल्याकडे वहिवाट पडली आहे. मागचे आसन सुरक्षित, ही समजूत घरोघर आहे. ४ सप्टेंबर २०२२ रोजी, गणेशोत्सवातच, मुंबई-अहमदाबाद महामार्गावर पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर एक उत्तम बनावटीची परदेशी मोटार कठड्यावर आदळली. टाटा सन्सचे माजी अध्यक्ष सायरस मिस्त्री आणि त्यांच्यासमवेत मागे बसलेले गृहस्थ जागीच गेले. दोघांनीही पट्टे बांधलेले नव्हते. पुढच्या आसनांवरील दोघे जबर जखमी झाले, पण वाचले. गाडी किती किंमतीची होती हे त्या क्षणी उपयोगी पडले नाही. त्याच वर्षी देशात पट्टा न बांधल्यामुळे मृत्यू पावलेल्यांची संख्या १६,७१५ दिली आहे आणि त्यांतील निम्मे, ८,३३१, नुसते प्रवासी होते. मागील आसनावरही पट्टा बांधणे नियमाने सक्तीचे आहे, ही गोष्ट पुष्कळांस या अपघातानंतर कळली.

ताशी पन्नास किलोमीटर हा वेग आपल्याला किरकोळ वाटतो. त्या वेगाने आदळणे आणि सुमारे दहा मीटर उंचीवरून, म्हणजे तीन मजली चाळीच्या गच्चीवरून, खाली पडणे यांत आघाताच्या दृष्टीने फरक नाही. मांडीवरचे मूल अशा वेळी आईच्या हातांत राहत नाही. हातांचा जोर कमी पडतो, माया कमी पडत नाही. पण मूल सुटते. मुलांसाठी निराळी आसने बाजारात मिळतात आणि ती मखराच्या थर्माकोलहून पुष्कळ अधिक काळ टिकतात. मागील काचेपाशी रचून ठेवलेले नारळ, समई, मृदंग यांचेही तेच. गाडी थबकते तेव्हा ती वस्तू थबकत नाही आणि ती थेट पुढे बसलेल्यांच्या मानेवर येते. जड सामान खाली, बंद कप्प्यात बांधून ठेवावे. पेणहून मूर्ती घेऊन मांडीवर धरून बसणारे भाविक आहेत. त्यांनी मूर्तीला पेटी करावी आणि स्वतःला पट्टा बांधावा.

अलीकडे तरुण मंडळींनी दुचाकीवरून गावी जाण्याचा परिपाठ सुरू केला आहे. आरक्षण मिळत नाही, मोटार परवडत नाही, आणि वयात साहसही असते. मुंबई ते मालवण पाचशे किलोमीटरच्या घरात, पावसात, पाठीवर पिशवी आणि मागे धाकटा भाऊ! आमचा त्यांना स्पष्ट विरोध आहे. ते ऐकणार नाहीत हेही आम्ही जाणतो, म्हणून निदान दोघांनीही शिरस्त्राण घालावे. २०२२ साली शिरस्त्राणाविना मृत्यू पावलेल्या दुचाकीस्वारांची आणि त्यांच्या मागे बसलेल्यांची संख्या ५०,०२९ होती. वाशी नाक्यापर्यंत डोक्यावर आणि पुढे कोपरात अडकविलेले शिरस्त्राण या हिशेबात धरीत नाहीत.

पावसातील घाट चालविणे ही एक स्वतंत्र विद्या आहे आणि ती या भाषणात शिकविता येणार नाही. दोनच गोष्टी सांगून पुढे जातो. उतारावर इंधन वाचविण्यासाठी गाडी न्यूट्रलमध्ये सोडणे हा आत्मघात आहे, कारण मग सारा भार ब्रेकवर येतो, तो तापतो आणि ऐन वळणावर हात टेकतो. ज्या गिअरमध्ये घाट चढावा त्याच गिअरमध्ये उतरावा, हे एस.टी.च्या जुन्या चालकांचे धोरण अजूनही सोन्यासारखे आहे. दुसरे, अरुंद जागी चढणाऱ्या गाडीस आधी वाट द्यावयाची असते. हा नियम आहे, उपकार नव्हे.

परतीच्या प्रवासाविषयी कोणीच चिंता करीत नाही, आणि आमच्या मते अधिक भय तेथेच आहे. गौरी-गणपतींचे विसर्जन होते, तोवर चार रात्री भजनांत आणि फुगड्यांत जागून गेलेल्या असतात. विसर्जनाच्या संध्याकाळी काही तरुण, आणि काही तरुण म्हणवून घेणारेही, वाडीच्या मागे जाऊन काय घेतात हे सर्वांस ठाऊक असते. सणाचा विरस नको म्हणून वडील माणसे दुसरीकडे पाहतात. दुसऱ्या दिवशी कचेरी असते. मग त्याच रात्री निघणे येते. जाताना निदान उत्सुकतेने डोळा उघडा राहतो. येताना तोही आधार नसतो. पुन्हा, विसर्जनाची मिरवणूक जर महामार्गावरून जात असेल तर तिच्या पुढे व मागे कंदील वा दिवा धरलेला शहाणा माणूस असलाच पाहिजे. अंधारात, पावसात, काळ्या छत्र्या घेऊन नाचणारी माणसे दुरून येणाऱ्या चालकास दिसत नाहीत. टेम्पोच्या हौद्यात वाडीची वाडी उभी करून नदीवर नेणे हेही आता बंद व्हावे.

कोकण रेल्वे १९९८ साली पूर्ण मार्गावर धावू लागली तेव्हा हे सर्व प्रश्न मिटले असे वाटले होते. आज तिचे आरक्षण साठ दिवस आधी उघडते (२०२४ सालच्या नोव्हेंबरपूर्वी ते एकशेवीस दिवसांचे होते) आणि चतुर्थीच्या गाड्या काही मिनिटांत भरतात. घरातील वृद्ध, गरोदर स्त्रिया आणि लेकरे यांच्यापुरती तरी तिकिटे मिळावीत, म्हणून मंडळाच्या तरुण सभासदांनी त्या सकाळी संगणकापुढे बसून इतरांसाठीही खटपट करावी. एस.टी. महामंडळ दरवर्षी या दिवसांत हजारो जादा गाड्या सोडते. एकाच वाडीची माणसे जमली तर समूहाने पूर्ण गाडी ठरविता येते. आम्हांस विचाराल तर तोच मार्ग बरा. तिचा चालक तो घाट बारा महिने पाहत असतो.

अपघात दिसला तर पुढे निघून जाऊ नये, ही विनंतीही येथेच करून ठेवतो. पोलिसांचा ससेमिरा मागे लागेल या धास्तीने सज्जन माणसेही काच वर करतात. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली आणि संसदेने २०१९ सालच्या दुरुस्तीने ही धास्ती दूर केली आहे. जखमीस मदत करणाऱ्यास आपले नाव सांगण्याचीही सक्ती करता येत नाही. रुग्णवाहिकेसाठी १०८, राष्ट्रीय महामार्गावरील मदतीसाठी १०३३ आणि पोलिसांसाठी ११२ हे क्रमांक मोटारीत पुढच्या काचेपाशी लिहून चिकटवावेत. मोबाइलमध्ये साठविलेला क्रमांक ज्याचा मोबाइल तोच बेशुद्ध असता मिळत नाही.

आता मंडळाने करावयाचे काम. ज्ञातिसंस्था एकेकाळी कशासाठी निघाल्या? परगावी गेलेल्या आपल्या माणसास रात्रीचा निवारा आणि दोन घास मिळावेत, हा त्यांचा एक मूळ हेतू होता. धर्मशाळा बांधल्या गेल्या, भोजनालये चालली. पुढे गरज उरली नाही आणि आपण शाल-श्रीफळाकडे वळलो. ती गरज पुन्हा उत्पन्न झाली आहे. महाड, पोलादपूर, खेड, चिपळूण, संगमेश्वर, लांजे, राजापूर, कणकवली, म्हणजे महामार्गाच्या जवळजवळ प्रत्येक मुक्कामावर आपल्या सभासदांची घरे आहेत. चतुर्थीच्या आधीच्या दोन रात्री आणि विसर्जनानंतरच्या दोन रात्री या घरांनी आपली पडवी उघडी ठेवावी. ज्याचा डोळा जड झाला त्याने, ओळख असो वा नसो, स्मरणिका दाखवून आत यावे, चार तास अंग टाकावे आणि उजाडल्यावर पुढे जावे. यजमानाने त्याच्याशी ज्ञातीच्या राजकारणावर बोलू नये आणि त्याला निजू द्यावे, एवढी एक अट आम्ही आग्रहाने घालतो.

घर मुख्य रस्त्यापासून किती आत आहे, अंगणात किती मोटारी उभ्या राहतील, स्त्रियांसाठी आत निजण्याची सोय आहे काय आणि दूरध्वनी कोणता, एवढा मजकूर लिहून नावे नारळी पौर्णिमेपूर्वी चिटणिसांकडे द्यावीत, म्हणजे यादी छापून सभासदांच्या घरी वेळेवर पोचेल. महाडला आमचे वडिलार्जित घर आहे. पडवी अठरा हात लांब आहे, विहिरीला पाणी बारमाही आहे आणि अंगणात चार मोटारी सुखाने उभ्या राहतात. यादीत ते पहिले लिहून घ्यावे. कुत्रे भुंकते, पण बांधलेले असते.